शेजाऱ्यानं पाणी अडवलं तर सहा महिने मोजा

बांध चढवून शेजाऱ्यानं पाणी अडवलं तर काय करायचं, असं दोघं-तिघं विचारून गेले म्हणून लिहितो.

माझं रान वरच्या अंगाला, भावकीतल्या दादांचं खाली. वडिलांच्या आधीपासून पावसाचं पाणी त्यांच्या धुऱ्याच्या नालीनं ओढ्याला जायचं. जूनमध्ये त्यांनी जेसीबीनं नाली बुजवली अन् बांध कमरेएवढा केला. जुलैत पाणी तुंबलं. वीसेक गुंठे सोयाबीन पिवळं पडलं, मुळ्या कुजल्या. मी म्हणलं, "दादा, पाईप टाकू, निम्मा खर्च माझा." तर म्हणले, "माझं रान, मी काय बी करीन."

रान त्यांचं, खरंय. पण उताराचं पाणी अडवून दुसऱ्याच्या पिकाचं नुकसान होत असंल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. वहिवाटीचा रस्ता अडवला तरी हेच कलम. मात्र अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा पाहिजे, अन् त्यात अडवल्याची तारीख लिहावीच लागते. आपल्याकडं "पोळा झाला की बसू, दिवाळी झाली की बसू" करण्यात मुदत निघून जाते. बैठक जरूर करा, पण तारीख वहीत मांडून ठेवा.

आधीचा रस्ताच नसंल अन् बांधावरून नवा मागायचा असंल, तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. ते प्रकरण वेगळं. बांध कोरण्याचा वाद असंल तर आधी मोजणी.

पाण्याच्या भांडणात अडचण अशी, की पुरावाच वाळून जातो. पाहणीला साहेब आले तेव्हा रान कोरडं ठणठणीत. पाणी उभं असतानाच तलाठ्याला अर्ज देऊन पंचनामा करून घेतला होता, शेजारच्या दोघांच्या सह्या होत्या, म्हणून निभावलं. फोटोत धुरा अन् पीक दोन्ही दिसू द्या.

नाली मोकळी करायचा आदेश झाला. ह्यात अपील नाही, पण वर फेरतपासणी मागता येते, ती दादांनी मागितलीय. सोयाबीनची भरपाई ह्या कलमात बसत नाही. ती पाहिजे तर दिवाणी कोर्ट, अन् तिथं जायची माझी तयारी नाही.

दोघांच्या मोटारी एकाच डीपीवर. पहिलं फ्यूज गेला की फोन यायचा, "चल रे." आता आपापलं जातो.