तार आणि खुंटी

सतारीची तार छेडली की स्वर उमटतो आणि विरतो. नुसती खुंटी पिळल्याने स्वर उमटत नाही. पण त्यानंतर छेडलेला प्रत्येक स्वर बदललेला असतो. मेंदूतील रासायनिक द्रव्यांची कामेही अशीच दोन प्रकारची आहेत.

ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य, म्हणजे न्यूरोट्रान्समीटर, एका चेतापेशीतून सुटते आणि पलीकडच्या पेशीला सेकंदाच्या काही सहस्रांशांत उत्तेजित करते. गाबा हे द्रव्य तितक्याच त्वरेने तिला आवरते. डोपामीनसारखे नियामक द्रव्य, म्हणजे न्यूरोमॉड्युलेटर, मात्र सावकाश पसरते, अनेक पेशींना स्पर्शते आणि आलेल्या संदेशाला त्यांनी किती दाद द्यावी, हे ठरविते. त्याचा प्रभाव कित्येकदा मिनिटे टिकतो. हा भेद द्रव्यापेक्षा कामाच्या रीतीचा आहे. ॲसिटिलकोलीन स्नायूपाशी तत्काळ संदेश पोचविते. तेच मेंदूत बहुधा नियामक होते.

माझ्या थोरल्या काकांना कंपवात जडला, तेव्हा या भेदाचे मोल मला कळले. उंबरठ्यापाशी त्यांचे पाऊल अडे. पाय धड होते, इच्छाही होती. भेटीला येणारे म्हणत, "मन खंबीर करा." काका हसत, पण ते हसूही चेहऱ्यावर यावयास वेळ लागे. मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी अवघ्या काही लाख. या रोगात त्यांतल्याच पुष्कळशा नष्ट होतात. तारा शाबूत राहतात. खुंटी सैल पडते.

१९५७ साली स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळांत सापडते. ससे निश्चल झाले. एल-डोपा देताच पुन्हा हिंडू लागले. एल-डोपाचे मेंदूत डोपामीन होते. २००० सालच्या नोबेल पारितोषिकात कार्लसन यांचा वाटा होता, आणि काकांच्या गोळीत तेच एल-डोपा.

क्षणाक्षणाला नेमक्या पेशीवर पोचणाऱ्या ग्लुटामेटची उणीव गोळीने भरून निघणे अवघड. डोपामीनचे काम बरेचसे खुंटीचे, म्हणूनच गोळी काही तास उपयोगी पडते. तिने रोग बरा होत नाही, झीजही थांबत नाही. पण ती घेतल्यावर काही वेळाने काका उंबरठा ओलांडीत.

मन खंबीर करण्याचा उपदेश सद्भावनेचाच असतो. परंतु अशा आजाऱ्याचे मन बहुधा आधीच खंबीर असते. त्याला हवी असते वेळेवर दिलेली गोळी, आणि तिचा गुण येईपर्यंत शेजारी शांतपणे थांबणारे माणूस.