मे महिन्यात टिकणारा वेग

मंचरला संगणक जोडून देताना माझं एक मत पक्कं होत गेलं. ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर निवडणं सोपं असतं. कस लागतो तो त्याला पोसणारा मदरबोर्ड आणि त्याच्या जोडीची रॅम निवडताना. माझ्याकडे येणारी मुलं लग्नाचं शूटिंग, बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ एडिट करतात. रात्री लावलेलं रेंडर सकाळी तयार हवं, ही त्यांची निकड खरी असते. प्रोसेसरचं नाव त्यांना पाठ असतं आणि ‘दादा, उरतील त्या पैशांत बोर्ड बसवा’ असं सांगतात. तिथेच मी त्यांना थांबवतो.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर पळायचा. तेव्हा वेग जवळजवळ फुकट मिळत होता. आजचे प्रोसेसर मात्र कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या जवळ धावत येतात. पुढचा थोडासा वेग मिळवायचा तर त्याची किंमत वीज आणि उष्णतेत मोजावी लागते आणि ती आधी बोर्डाकडून वसूल होते.

साधा हिशेब आहे. ताणलेल्या प्रोसेसरने १.२५ व्होल्टला २०० वॅट घेतले, तर प्रवाह होतो १६० अँपिअर. शेतावरचा पाच एचपीचा थ्री-फेज पंप सात-आठ अँपिअरवर चालतो. १२ व्होल्ट उतरवून हा एवढा प्रवाह पुरवायचं काम सॉकेटशेजारच्या व्हीआरएमचं. म्हणून बोर्ड हातात घेतला की मी आधी तिथला हीटसिंक बघतो. तो वजनदार, खाचांचा, धातूचा हवा. वर नुसतं चकचकीत झाकण असेल तर मी तो बोर्ड परत ठेवतो. मग चिपसेट. इंटेलचा ‘के’ प्रोसेसर ताणायचा तर झेड मालिका लागते; बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नाही. एएमडीच्या बी६५० वर दोन्ही जमतं.

रॅमच्या खोक्यावर मोठा आकडा असतो तो वेगाचा, विलंबाचा आकडा बारीक अक्षरांत. मी दोन्ही एकत्र वाचतो. ३२०० ची सीएल१६ डीडीआर४ आणि ६००० ची सीएल३० डीडीआर५, दोन्हींचा हा विलंब १० नॅनोसेकंदच भरतो. नवी रॅम एका वेळी जास्त माहिती वाहते, पण पहिलं उत्तर यायला तेवढाच वेळ लागतो.

६००० च्या रॅमवर एक बिट सेकंदाच्या सहा अब्जाव्या भागाएवढा टिकतो. तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्यातून संकेत जेमतेम अडीच सेंटिमीटर जातो. सगळे बिट एकाच क्षणी पोचावेत म्हणून तिथल्या रेषा मुद्दाम नागमोडी काढून लांबीला जुळवलेल्या असतात. खोडदची जीएमआरटी दुर्बीण इथून फार लांब नाही. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. दूरच्या तबकडीचा संकेत उशिरा पोचतो, तो फरक भरून काढल्यावरच सगळे संकेत एकत्र करता येतात. प्रश्न तोच, फक्त अंतरं वेगळी. स्टिक वाढल्या की ही वेळ जुळवणं अवघड होतं, म्हणूनच मी चार स्टिक भरत नाही. एकाच संचातल्या दोन घेतो, बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या यादीत त्यांचं नाव शोधतो आणि प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवतो. टोकाचा स्लॉट रिकामा राहिला तर संकेत तिथून उलटा फिरून गोंधळ करतो.

एवढं जुळलं तरी मंचरचा मे महिना उरतो. एसीच्या खोलीत २५ अंशांवर घेतलेली चाचणी इथल्या चाळीस अंशांच्या दुपारी उपयोगाची नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की आतले भागही जवळजवळ तेवढेच तापतात. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरवरचा विद्युतभार. तो गळत असतो आणि पुन्हा पुन्हा भरावा लागतो. उष्णतेत ही गळती वाढते. त्यात कारखान्याच्या १.१ व्होल्टऐवजी एक्सएमपीने, म्हणजे रॅममध्येच साठवलेल्या वाढीव वेगाच्या सेटिंगने, १.३५ व्होल्ट दिलेले असतात. एखादा बिट उलटला तर संगणक बंद पडेलच असं नाही. तो चालत राहतो आणि फाइल गुपचूप खराब होते. कुणाच्या तरी लग्नाची ती एकुलती एक फाइल असू शकते. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच.

म्हणून कॅबिनेट बंद करून, एसी न लावता, मेमटेस्ट रात्रभर आणि पुढची दुपारभर चालू ठेवतो. एक जरी चूक दिसली तरी ६००० चे ५६०० करतो आणि पहिल्यापासून तपासतो. एडिटिंगच्या कामात हा फरक क्वचितच जाणवतो. बिलावर मी जो वेग लिहितो, तो या चाचणीत टिकलेला असतो. गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत ते त्याच आकड्याचे.