दुसऱ्याने हात लावू नये असा पुरावा

क्रिस्टोफर नोलनचा ‘इन्सेप्शन’ 2010 साली आला. त्याच्या शेवटच्या दृश्यातला भोवरा पडला की फिरतच राहिला, हा वाद तेव्हापासून चालू आहे. वाद रंगतदार आहे, पण मला भोवऱ्यापेक्षा त्यामागचा नियम जास्त खटकतो. या गोष्टीतली माणसं दुसऱ्यांच्या स्वप्नात शिरतात. आपण जागे आहोत की कुणाच्या तरी स्वप्नात अडकलो आहोत, हे कळावं म्हणून ती एकेक खुणेची वस्तू जवळ बाळगतात. आर्थरकडे एका बाजूला वजन भरलेला फासा आहे. तो बघायला त्याची सहकारी ॲरिआडनी हात पुढे करते, पण आर्थर देत नाही. फाशाचा तोल फक्त त्याच्या मालकालाच ठाऊक असला पाहिजे. दुसऱ्याचा हात लागला की त्याचा उपयोग संपला. ऐकताना हे पटतं, पण विचार केला की उलटं दिसू लागतं. दुसऱ्याच्या स्वप्नापासून हा फासा वाचवेलही, पण स्वतःच्या स्वप्नाचं काय? तिथे फाशाचं गुपित जाणणाराच स्वप्न रचत असतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ती ही गत.

नोलन मोठा लबाड दिग्दर्शक आहे, आणि हे कौतुकानेच म्हणायचं. पॅरिसमधल्या एका कॅफेत बसलेला नायक कॉब ॲरिआडनीला विचारतो, आपण इथे आलो कसे? तिला आठवत नाही, आणि तेव्हा तिला कळतं की हे स्वप्न आहे. पण ते दोघे कॅफेत येताना प्रेक्षकांनीही पाहिलेले नसतात. मधला रस्ता संकलकाने कापला आणि त्याची उणीव कुणाला भासली नाही. स्वप्न खरं वाटतं ते हुबेहूब असतं म्हणून, असा आपला समज आहे. वस्तुतः स्वप्नातला माल बऱ्याचदा अगदी सुमार असतो; घर माहेरचं, जिना शाळेचा आणि दारात उभा माणूस कधीचा वारलेला. तरी आपण हूं की चूं करत नाही. ज्या झोपेत ठसठशीत स्वप्नं पडतात, त्या रेम झोपेत मेंदूच्या पुढच्या भागातली तर्काशी आणि पडताळणीशी संबंधित केंद्रं मंदावलेली असतात. पुरावा तपासणारा गैरहजर असेल, तर पुरावा कितीही चोख असून काय होणार?

या बाबतीत आल्फ्रेद मोरी या फ्रेंच विद्वानाची साक्ष फार बोलकी आहे. झोप आणि स्वप्नं यांवरचं त्याचं पुस्तक 1861 साली निघालं. त्यातलं एक स्वप्न पुढे इतकं गाजलं की फ्रॉइडलाही त्याची दखल घ्यावी लागली. मोरी आजारी होता, बिछान्यावर पडलेला. स्वप्नात फ्रेंच राज्यक्रांतीचा दहशतीचा काळ सुरू झाला. त्याने कत्तली पाहिल्या. तो न्यायासनापुढे उभा राहिला. रोब्सपियेर, मारा, फुकिए-तँव्हील सगळे तिथे हजर. त्याची उलटतपासणी झाली, शिक्षा ठोठावली गेली, गाडीतून गर्दीमधून त्याला वधस्तंभाकडे नेलं, बांधलं, फळी कलली आणि गिलोटिनचं पातं मानेवर आलं. घाबरून जागा होतो तो पलंगाची दांडी निसटून मानेवर पडलेली! मोरीने अनुमान काढलं की दांडी पडणं आणि जाग येणं यांमधल्या क्षणभरात हे सगळं प्रदीर्घ नाटक घडलं. स्वप्नात काळ अफाट ताणला जातो, ही समजूत या गोष्टीने पक्की केली. ‘इन्सेप्शन’मध्ये बाहेरच्या 5 मिनिटांत स्वप्नातला तासभर मावतो, ते याच समजुतीचं पणतवंड. पण या हकिकतीत आणखी एक व्यक्ती आहे: उशाशी बसलेली मोरीची आई. दांडी नुकतीच पडली, हे तिने सांगितलं. म्हणजे दांडीला साक्षीदार होता, स्वप्नाच्या लांबीला नव्हता. तिथे मोरीपाशी स्वतःच्या आठवणीखेरीज काही नव्हतं, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला असावा.

कारण पुढे जेव्हा बाहेरचा साक्षीदार मिळाला, तेव्हा चित्र बदललं. 1953 साली ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी रेम झोपेची नोंद प्रसिद्ध केली. 1957 मध्ये डिमेंट आणि क्लाइटमन यांनी रेम झोप सुरू झाल्यावर 5 किंवा 15 मिनिटांनी माणसांना उठवून विचारलं, स्वप्न केवढं होतं? बहुतेकांचा अंदाज बरोबर आला. 1980 च्या दशकात स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्जने तर, आपण स्वप्नात आहोत हे ओळखू शकणाऱ्यांना झोपेतच डोळ्यांच्या ठरलेल्या हालचालींनी खूण करायला लावली. 10 सेकंद मोजायला त्यांना जागेपणी लागायचा जवळपास तेवढाच वेळ लागला. तास पाच मिनिटांत बसतो तो संकलकाच्या टेबलावर.

यावर कुणी म्हणेल, हे स्वप्न ओळखणारे लोकच तुमचा मुद्दा खोडतात, त्यांना झोपेत शंका आलीच ना? आली, पण ती खरी ठरली ती यंत्राजवळ जागं बसलेल्या माणसाने त्यांची खूण वाचली म्हणून. दुसरा आक्षेप जुना आणि जड आहे. साक्षीदार तर स्वप्नातही भेटतात, मग जागेपण हेही एक मोठं स्वप्न कशावरून नाही? गौडपादांनी मांडूक्यकारिकेत दोन्ही अवस्थांना एका पंक्तीला बसवलं. पण परंपरेने त्यांचे प्रशिष्य मानलेले शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवादी बौद्धांशी वाद घालताना दोन्हींतला फरक ठासून सांगतात. स्वप्नात पाहिलेलं जाग येताच बाधित होतं. जागेपणी पाहिलेला खांब तसा बाधित होत नाही. जगाला अंतिम सत्य न मानणारा तत्त्वज्ञ व्यवहारात मात्र असा काटेकोर राहतो, हे मला फार आवडतं. ब्रह्मज्ञानाने पुढे खांबही बाधित होईल, तर होवो. तोवर त्यावर डोकं आपटलं तर टेंगूळ येणार, आणि ते शेजाऱ्यालाही दिसणार.

शेजारीही त्याच स्वप्नात असेल तर, हा प्रश्न मात्र उरतो आणि तो सोपा नाही. सातोशी कोनच्या ‘पाप्रिका’ या 2006 च्या जपानी ॲनिमेशनपटात रुग्णांच्या स्वप्नात शिरण्याचं यंत्र चोरीला जातं. मग फ्रीज, बाहुल्या, वाद्यं वाजवणारे बेडूक यांची एक झगमगीत मिरवणूक एकेकाचं मन गिळत जाते आणि शेवटी शहराच्या रस्त्यावर उतरते. नोलनपेक्षा कोन मला अधिक निर्भीड वाटतो. नोलनचा नायक शंकेने पोखरलेला आहे, पण एकटा आहे. कोनच्या मिरवणुकीत हजारो आहेत आणि शंका एकालाही नाही. अशा वेळी साक्षीदारांची संख्या कामाची नसते, त्यांतला एक तरी मिरवणुकीबाहेरचा असावा लागतो. मोरीच्या आईचं म्हणणं ग्राह्य ठरलं ते ती त्याच्यासोबत पॅरिसच्या गर्दीत नव्हती म्हणून. जी मिरवणूक अशा माणसाला आधी गप्प बसवते, ती किती मोठी आहे हे मोजायच्या भानगडीत पडू नये. ती झोपेत चालली आहे असं खुशाल समजावं.