पेजमेकरराव

वर्डमध्ये नवी फाईल उघडली की तो लगेच लिहायला बसवतो. पान कोरं, कर्सर लुकलुकतोय, करा सुरुवात. पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर मात्र आधी चौकशी करतो. कागद केवढा? समास किती? पानं किती, एकेरी की समोरासमोर? हे ठरल्याशिवाय तो पान दाखवतच नाही.

हा स्वभाव त्याच्या घराण्यातून आलेला. त्याचा जनक पॉल ब्रेनर्ड हा वृत्तपत्रांच्या धंद्यात मुरलेला माणूस. सिएटलमध्ये त्याने काढलेल्या कंपनीला त्याने व्हेनिसच्या जुन्या मुद्रकाचं, आल्डसचं नाव दिलं आणि १९८५ साली मॅकिंटॉशवर पेजमेकर आणला. छापखान्यातलं पेस्टिंगचं टेबलच त्याने पडद्यावर मांडलं होतं. पानाभोवती मोकळी जागा. फोटो, मथळा, उरलेला परिच्छेद तिथे काढून ठेवा, लागेल तेव्हा उचला.

वर्डच्या लेखी मजकूर म्हणजे अखंड प्रवाह आणि पान म्हणजे तो तुटतो ती जागा. पहिल्या पानावर चार ओळी घातल्या की पुढचं सगळं मुकाट सरकतं. पत्राला, अर्जाला, प्रबंधाला हेच हवं. दिवाळी अंकाला मात्र असा मवाळपणा परवडत नाही. उजव्या पानाच्या तळाशी सराफाची पाव पान जाहिरात आहे, पैसे त्या जागेचे मोजलेले आहेत, आणि कथा सात ओळींनी जास्त भरली आहे. वर्डवर सोपवलं तर जाहिरातच पुढच्या पानावर जायची. पेजमेकर जाहिरातीला हात लावत नाही. मजकुराच्या तळाशी लाल त्रिकोण दाखवून गप्प बसतो: उरलंय, कुठे घालायचं ते तुम्ही सांगा. मग संपादक कात्री काढतात, किंवा पानं लावणारा ऑपरेटर अक्षर अर्ध्या पॉइंटने उतरवतो, आणि लेखकाला यातलं काहीच कळत नाही.

माफी देण्यात मात्र रावसाहेब कंजूष. अनडू एकदाच. दुसरी चूक झाली की ती तुमची. म्हणून त्याच्यापाशी तयार झालेल्या ऑपरेटरचा डावा हात आपोआप सेव्हच्या बटणांवर जातो. शिवाय पानाचा एवढा अभिमान असूनही पुढे त्याने पोटात एक छोटा वर्ड ठेवून घेतला. कंट्रोल-ई दाबलं की स्टोरी एडिटरची खिडकी उघडते; तिथे ना रकाने, ना चौकटी, नुसता मजकूर. लांब लेख दुरुस्त करायचा तर पान नजरेआड करावं लागतं, हे त्यालाही पटलं असावं.

मराठीशी त्याचं नातं विचित्र. त्याला मराठी येत नव्हती, आणि मराठी छापखान्यांचं पान त्याच्यावाचून हलत नव्हतं. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपी आणि सी-डॅकच्या आयएसएम या मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरनी तोड काढली: काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं असे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या खणांत बसवले. आपण इंग्रजीच छापतोय अशा समजुतीत तो मराठी पुस्तकं लावत राहिला. त्याची किंमत आज मोजतो आहोत. त्या काळातल्या फाईलमधला मजकूर दुसरीकडे नेऊन फॉन्ट बदलला की हाती इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो.

१९९४ मध्ये अडोबीने आल्डस घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन आणलं, आणि २००१ च्या ७.० नंतर पेजमेकरची नवी आवृत्ती आली नाही. प्रत्येक लिपीला स्वतःचे खण देणारं युनिकोड तो शिकलाच नाही. इनडिझाइननेही मराठीचा नीट विचार केला तो २०१२ च्या सीएस६ मध्ये. तोवर आमच्या ऑपरेटरांनी जुनं विंडोज आणि जुना पेजमेकर जपून ठेवला, आणि मला त्यात हट्टापेक्षा शहाणपणच जास्त दिसतं.

आज पानं लावणारा कुणीही असो, लेखकांना एक विनंती आहे. वर्डमध्ये लिहा, पण पान लावायला जाऊ नका. फोटो मजकुरात चिकटवू नका, वेगळे पाठवा. मथळा मध्यावर आणण्यासाठी स्पेसबार ठोकू नका, आणि नवं पान हवं म्हणून वीस वेळा एंटर मारू नका. ते सगळं ऑपरेटरला एकेक करून काढावं लागतं.