पडद्यावरचा मांडव, दारातला मांडव

पूर्वी लग्न ठरलं की घरची माणसं आधी कणगीत डोकावायची. आता पोरी मोबाईलमध्ये डोकावतात. कोणत्या पिक्चरमध्ये नवरीनं काय घातलं होतं, मांडव कसला होता, सगळं तिथं सापडतं. त्यात वाईट काही नाही. हौस कुणाला नसते? १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला, तेव्हा माधुरी दीक्षितच्या त्या जांभळ्या साडीसाठी आम्हीही तालुक्याची दुकानं पालथी घातली होती.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं. तिनं एका पिक्चरमधला मांडव दाखवला. “मोठी आई, मला अस्साच पाहिजे.” फुलांच्या भिंती, काचेची झुंबरं, नवरीवर मंद उजेड. दिसायला साजरा होता खरा, पण मांडववाल्यानं दीड लाखाचा आकडा सांगितला. रात्री भाऊजी ओट्यावर येऊन बसले. “वहिनी, एकुलती एक पोर. नाही कसं म्हणू? पण हो म्हणायचं, तर खालचं रान गहाण टाकावं लागंल.”

पोरीवर रागावून काय होणार? दोन दिवस दुपारी तिला नि तिच्या मैत्रिणींना घेऊन मी दोन पिक्चर बघितले. पुष्कळांना ठाऊक नसेल, पण ‘हम आपके हैं कौन’ची गोष्ट राजश्रीवाल्यांनी आधी १९८२ साली ‘नदिया के पार’मध्ये सांगितली होती. थोरल्या भावाचं लग्न, धाकटा दीर आणि वहिनीची बहीण यांची थट्टामस्करी, त्यातून जुळलेली मनं, मध्येच दुःखाचा घाला आणि शेवट गोड. फरक एवढाच, की आधीचा पिक्चर उत्तर प्रदेशातल्या खेड्यातला. मातीची घरं, बैलगाडी, आणि नायक आपला सचिन. नंतरचा सगळा श्रीमंताच्या बंगल्यातला.

बघून झाल्यावर मी विचारलं, “आता सांगा, मजा कशाला आली?” पोरी म्हणाल्या, “दोन्हीकडं चिडवाचिडवीलाच.” झुंबराचं नाव कुणी काढलं नाही.

मग मी म्हटलं, “बायांनो, पडद्यावरचा मांडव कॅमेऱ्यापुरता असतो. पिक्चरवाल्याचा खर्च तिकिटाच्या खिडकीवर निघतो. आपला खर्च पुढच्या सुगीच्या मानेवर बसतो.” पुतणी जरा वेळ गप्प राहिली. मग तिनंच वही काढली आणि घेण्याजोगं काय ते लिहायला बसली.

पहिलं म्हणजे रंगांचा मेळ. पिक्चरमधला मांडव उठून दिसतो, कारण त्यात चार-दोनच रंग असतात. आम्ही पिवळा नि हिरवा धरला. झेंडू घरच्या रानातला. आदल्या संध्याकाळी आळीतल्या बायांनी माळा ओवल्या आणि सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवल्या. दाराला केळीचे खुंट, वर आंब्याचे डहाळे, खांबांना कणसांसकट ज्वारीची ताटं. माळ्यावरच्या पितळी घागरी चिंचेनं घासून पायरीवर मांडल्या. मंद उजेडासाठी साध्या पिवळ्या दिव्यांच्या चार माळा भाड्यानं आणल्या.

दुसरी गोष्ट थट्टेची. नवरदेवाचे बूट पळवायची गंमत त्या पिक्चरनं घरोघर नेली. पोरींनी तीही केली. पण आपल्याकडं कानपिळी आधीपासून आहेच की! नवरीचा भाऊ म्हणून माझ्या थोरल्यानं जावयाचा कान असा धरला, की आहेर हातात पडेपर्यंत सोडला नाही. वऱ्हाडी पोट धरून हसले. रुखवतापुढं विहीणबाईंनी लांबलचक उखाणा घेतला, त्याचीही अजून आठवण निघते.

मांडवाचा सगळा खर्च अठ्ठावीस हजारांत बसला. खालचं रान गहाण पडलं नाही. त्यात यंदा हळद उभी आहे.

तेव्हा पोरींनो, पिक्चर जरूर बघा. रंग घ्या, हसणं-खिदळणं घ्या, माणसांनी एकमेकांत मिसळावं कसं तेही घ्या. आणि आकडा ठरवायच्या आधी एकदा बापाच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसा.