बिनदुधाचा केक



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी ‘मी स्वतः केलेली एक गोष्ट’ हा विषय दिला. कुणी अळे खणले, कुणी आकाशकंदील केला. मी केक केला. केक म्हणजे बाजारातला नव्हे, आमच्या मालवणी मुलखातला. तो कसला, ते पुढे येईलच.

हा केक मी माझ्या मित्रासाठी केला. ‘माझे नाव लिहू नको’ असे त्याने मला बजावले आहे. चौथीत आम्ही ९ मुले आहोत, त्यामुळे तो कोण हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. पालकांनी विचारू नये.

माझ्या मित्राला दूध चालत नाही. नुसते दूध नव्हे, दुधाचे काहीच चालत नाही. मला हे पहिलीपासून माहीत होते, पण खरे वाटत नव्हते. मला वाटायचे, तो नखरे करतो. आमच्या घरी दूध नको म्हटले की आई डोळे वटारते. मग याचेच लाड का?

गेल्या वर्षी आम्ही तिसरीत होतो. माझ्या वाढदिवसाला मी शाळेत पेढे वाटले. त्याने हात मागे घेतला. मी म्हटले, “अरे, एवढ्याशाने काय होतंय?” तरी तो घेईना. मग मी म्हटले, “तू माझा पेढा खात नाहीस, म्हणजे तू माझा मित्र नाहीस.” तेव्हा त्याने अर्धा पेढा खाल्ला.

थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले. अंगावर लाल गांधी उठल्या. त्याला उलटी झाली आणि श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागला. गुरुजींनी त्याला उचलले आणि रिक्षातून आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिले. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. पण मी त्या रात्री जेवलो नाही. पेढ्याच्या बॉक्समध्ये ४ पेढे उरले होते. ते मी कुणालाही दिले नाहीत, गोठ्यामागे पुरले.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातले डॉक्टर शाळेत आले. त्यांनी आम्हां मुलांना समजावून सांगितले. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी असतात. दुधात प्रथिने असतात. माझ्या मित्राच्या अंगातले पहारेकरी त्या प्रथिनांनाच शत्रू समजतात आणि लढाई सुरू करतात. ती लढाई म्हणजेच सूज, गांधी आणि धाप. याला ॲलर्जी म्हणतात. काही मुलांना दूध पचत नाही, पोट दुखते; ते वेगळे. ॲलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. मी हात वर करून विचारले, “गाईचे नाही तर शेळीचे चालेल का?” डॉक्टर म्हणाले, “नाही. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिने एकमेकांसारखीच असतात.” मग म्हणाले, “आणि ‘एवढ्याशाने काय होते’ असे कुणी म्हणू नका. एवढ्याशानेच होते.” ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण माझी मान खाली गेली.

आता वाढदिवसाबद्दल सांगतो. हल्ली आमच्या वर्गात कुणाचा वाढदिवस असला की त्याचे बाबा तालुक्याहून केक आणतात. केकवर लोणी किंवा साय फेटून लावलेली असते. आतही दूध असते. केक कापायची वेळ झाली की माझा मित्र म्हणतो, “गुरुजी, मी पाणी भरून आणतो.” मग तो कळशी घेऊन विहिरीवर जातो. आम्ही केक खाऊन हात धुतले की तो परत येतो. मला वाटायचे, तो फार कामसू आहे. यंदा एकदा मी त्याच्या मागोमाग गेलो. कळशी भरलेली होती आणि तो पायरीवर बसून खडे मारत होता. त्याने मला पाहिले नाही. मी तसाच परत फिरलो.

त्याचा वाढदिवस दिवाळीच्या सुटीच्या आधी येतो. मी ठरवले की या वेळी केक होणार, आणि तो केक आधी त्यालाच मिळणार.

घरी येऊन आजीला सांगितले. आजी म्हणाली, “केक कित्याक रे होयो? आपला धोंडस म्हणजे केकच मा! तेका दूध नाय, लोणी नाय. तवसा होया, गूळ होयो, नारळ होयो.”

ज्यांना धोंडस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तवसे म्हणजे पावसाळ्यात मांडवावर होणारी मोठी काकडी. ती पिकली की पिवळी होते. गणपतीत माटवीला बांधतात. उरलेली तवशी केळीच्या सोपटाने बांधून आढ्याला टांगून ठेवतात. ती पुष्कळ दिवस टिकतात. त्या तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे एकत्र शिजवून, खालून-वरून निखारे देऊन भाजले की धोंडस होते. आजी लहान होती तेव्हा गावात बेकरी नव्हती, पण धोंडस होते.

आधी मी मित्राच्या आईला जाऊन विचारले. त्या काकींनी मला चालत नाही त्या वस्तूंची यादी दिली. ती मी वहीत लिहून घेतली : दूध, साय, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर, दुधाची भुकटी. भुकटी बिस्किटांतही असते, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायची. मी विचारले, “नारळाचे दूध?” काकी हसल्या. म्हणाल्या, “ते नावाचेच दूध. ते त्याला चालते.” आमच्याकडे त्याला नारळाचा रसच म्हणतात, ते बरे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर कामाला लागलो. आमच्या आढ्याला शेवटचे एकच तवसे राहिले होते. बाबांनी ते काढून दिले. आजीने देठाकडचा तुकडा आधी चाखून पाहिला, कारण तवसे कडू निघाले तर सगळे फुकट जाते. ते कडू नव्हते. साल काढली, बिया काढल्या आणि मी किसले. बोटही थोडे किसले गेले, पण मी ओरडलो नाही. कीस पाण्यासकट ४ वाट्या झाला. त्याला २ वाट्या तांदळाचा रवा, दीड वाटी गूळ, १ वाटी ओले खोबरे, चिमूटभर मीठ आणि वेलची. रवा आजीने खोबरेल तेलावर भाजला. मग सगळे चुलीवर ठेवून ढवळत राहिलो. हात दुखले. घट्ट झाल्यावर आजीने ते जर्मनच्या टोपात थापले, वर झाकण ठेवले आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरले.

मी चुलीपुढे बसून वास घेत होतो. गुळाचा वास फार छान येत होता. तेवढ्यात माझे लक्ष फळीवर गेले. तुपाची बरणी उघडी होती.

मी विचारले, “आजी, टोपाक काय लायलंस?”

आजी थांबली. म्हणाली, “सवयीन तूप लायलंय. बोटभर. येवढ्याशान काय होता?”

मित्रांनो, हे माझेच शब्द होते. मी तिसरीत म्हटलेले.

आई म्हणाली, “तूप कढवलेलं असतं, त्यात दूध कुठे राहतं?” पण काकींच्या यादीत तूप होते. डॉक्टरांनीही सांगितले होते की लोणी कढवले तरी दुधाचा थोडा अंश मागे राहतो. तिथे कुणी बाहेरचे नव्हते. मी बोललो नसतो तर कुणालाही कळले नसते. कदाचित काही झालेही नसते. पण ‘कदाचित’ म्हणून मी ते त्याला कसे देऊ? मला रडू आले. घरात दुसरे तवसे नव्हते आणि बाहेर काळोख पडला होता.

आजी काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ह्या आपण खाऊया. तू वाडीत जाऊन इचार.”

मी बॅटरी घेऊन ४ घरे फिरलो. तीन घरांतली तवशी संपली होती. चौथ्या घरच्या काकीकडे एक होते, पण ते तिने बियाण्यासाठी राखले होते. मी तिला सगळे सांगितले, पेढ्याचेसुद्धा. ती गोष्ट मी त्याआधी कुणाला स्वतःहून सांगितली नव्हती. काकीने स्टुलावर चढून तवसे सोडले आणि म्हणाली, “ने तू. पण बियो माका परत हाड.”

घरी आलो तर आजीने किसणी, पळी, कढई, टोप सगळे गरम पाणी ओतून राखेने आणि साबणाने घासून ठेवले होते. तुपाची बरणी आईने माजघरात नेऊन ठेवली होती. आजी म्हणाली, “पयली माणसा हळदीच्या पानार भाजीत. तेका तूप कित्याक?” मी परसातून हळदीची पाने तोडून आणली आणि टोपाच्या तळाला अंथरली. आता तूपही नको आणि तेलही नको. या वेळी चाखण्यापासून थापण्यापर्यंत सगळे मीच केले. आजी फक्त सांगत होती. निखारे मात्र बाबांनी घातले, कारण मला त्यांना हात लावायची परवानगी नाही.

पाऊण तासाने बाबांनी झाकण काढले. मी सुरी टोचून पाहिली. ती कोरडी बाहेर आली. वरून धोंडस तांबूस झाले होते आणि हळदीच्या पानांचा वास घरभर सुटला होता. गरम असताना कापले तर त्याचा भुगा होतो, म्हणून रात्रभर तसेच ठेवले. मला झोप येत नव्हती. मांजर येईल म्हणून मी दोनदा उठून पाहिले.

शनिवारी सकाळची शाळा होती. गुरुजींना मी आधीच सांगितले होते. मित्राच्या आईही त्याचे औषध घेऊन आल्या होत्या. मी टोप टेबलावर ठेवला आणि त्यावरचे फडके काढले. माझा मित्र सवयीने उठला आणि म्हणाला, “गुरुजी, मी पाणी भरून…”

गुरुजी म्हणाले, “खाली बस. आज तुझा वाढदिवस आहे.”

तो टोपाजवळ आला. त्याने वाकून पाहिले आणि मला हळूच विचारले, “तूप?”

मी म्हटले, “नाय. पहिल्याला लागलं होतं. तो आम्ही घरी खाल्लो. हा दुसरा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटले, आता तो नको म्हणणार. नको म्हणाला असता तरी मी रागावलो नसतो, कारण पेढा मीच दिला होता. पण त्याने सुरी घेतली आणि धोंडस कापले. त्याच्या आईने त्याला ओवाळले. निरांजनातसुद्धा आम्ही खोबरेल घातले होते. ते बघून गुरुजींना हसू आले.

त्याने पहिला घास खाल्ला. सगळी मुले टोपाकडे बघत होती. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. ओठ तसेच राहिले. बराच वेळ झाला तरी काही झाले नाही. त्याने आणखी एक तुकडा मागितला. मग आम्ही सगळ्यांनी खाल्ले. एकाला ते आवडले नाही, कारण वर क्रीम नव्हते. पण त्यानेही दोन तुकडे घेतले.

काकीच्या बिया मी धुऊन, राख लावून उन्हात वाळवल्या आणि कागदात बांधून परत दिल्या. तिने त्यांतल्या ५ मला ठेवायला दिल्या. पावसाळ्यात त्या मी आणि माझा मित्र मिळून शाळेच्या कुंपणापाशी लावणार आहोत. जून महिन्यात आम्ही पाचवीत जाऊ, पण मांडवाकडे बघायला येऊ.

पालकांना माझी एक विनंती आहे. शाळेत खाऊ वाटायचा असेल तर आदल्या दिवशी गुरुजींना विचारा. आणि वर्गमित्रांनो, कुणी ‘नको’ म्हणाला तर त्याला पुन्हा आग्रह करू नका.

त्या दिवशी पाणी भरायचे राहूनच गेले होते. सगळ्यांना हात धुवायचे होते. माझा मित्र उठणार एवढ्यात मी कळशी उचलली आणि विहिरीवर गेलो.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी