पानाची पहाट

परसातल्या श्रावणघेवड्याची पाने रात्री खाली झुकलेली असतात. पूर्वेला तांबडे फुटून ऊन वर आले, की ती हळूहळू आडवी पसरतात. ही हालचाल डोळ्यांना दिसते. पानाच्या आत त्याच वेळी जी जाग येते, ती मात्र कोणालाच दिसत नाही. आणि खरे नवल तर तेथेच आहे.

हवेतील कर्बवायूपासून साखर घडवण्याचे काम पानातील विकरे करतात. विकर म्हणजे रासायनिक क्रिया त्वरेने घडवून आणणारे प्रथिन. अमेरिकेत बर्कली येथे मेल्विन कॅल्व्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घडणीची वाट टप्प्याटप्प्याने शोधून काढली. त्याबद्दल कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कामाला प्रत्यक्ष प्रकाश लागत नाही, अशा समजुतीने पुस्तकांनी त्याला ‘अंधारातील क्रिया’ म्हटले. नाव सोयीचे खरे, पण फसवे!

कारण अंधार पडताच ते काम थांबते. आणि थांबायलाच हवे. रात्री पान दिवसा साठवलेल्या पिष्टावर गुजराण करते. एका हाताने साखर मोडावी आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने घडवावी, असे चालले तर पदरात काय पडणार?

पण सूर्य मावळला, हे विकराला कळते कसे? त्यासाठी काही विकरांत गंधकाच्या अणूंची जणू गाठ असते. अंधारात ती बसलेली असते आणि विकर निपचित पडून राहते. हरितद्रव्यावर ऊन पडले, की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. हातोहात पुढे जात ते थायोरेडॉक्सिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाकडे येतात. थायोरेडॉक्सिन ते विकराला देते, गाठ सुटते आणि विकर कामाला लागते. हा निरोप्या बॉब ब्युकॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत बर्कलीलाच ओळखला.

कर्बवायू पकडणाऱ्या रुबिस्को या विकराची तऱ्हा निराळी. श्रावणघेवड्यात व बटाट्यात रात्री साखरेसारखा एक पदार्थ त्याच्या तोंडात बोळ्यासारखा बसतो. उजाडल्यावर दुसरे एक प्रथिन तो बोळा काढते. सर्वच झाडांत ही सोय सारखी नसते.

भर दुपारी एखादा ढग सूर्याआड येऊन रेंगाळला, तरी विकरे मंदावू लागतात. ढग सरतो, ऊन क्षणात परतते. पण पानाला पूर्ववत कामाला लागायला काही मिनिटे जातात. त्या मिनिटांची साखर त्या दिवशी घडत नाही.